आमची वाटचाल : परभणीतली क्रोशाची कुंडी कव्हरं

परभणीत क्रोशा काही नवा नाही. आमच्या आईच्या पिढीत रुखवतात क्रोशाचं तोरण, टीव्हीचं कव्हर, ताटावरचा रुमाल, फ्रीजच्या हँडलची कव्हरं हे सगळं मांडलेलं असायचं, बायका महिनोन्‌महिने बसून ते करायच्या, पाहुणे बघून छान म्हणायचे आणि लग्न उरकलं की ते कपाटात जायचं. ह्याला किती तास लागले हे कुणी विचारायचं नाही. आमचा धंदा ह्याच हातांवर उभाय, आणि त्या तासांचे पैसे करणाऱ्या बाईच्या हातात पडलेच पाहिजेत हा हट्ट आम्ही पहिल्यापासून धरलाय. बाकी रंग, डिझाईन, पॅकिंग सगळं मागून आलं.

सुरुवात टाळेबंदीत झाली. 2020 मधे लोक घरात बसून झाडं लावायला लागले, आमच्या गल्लीत तर मनी प्लांट आणि स्नेक प्लांटच्या फांद्या ह्या घरातून त्या घरात फिरायल्या होत्या, पण नर्सरीतून येणारी ती काळी प्लास्टिकची कुंडी हॉलमधे टीव्हीशेजारी काही बरी दिसत नाही. सासूबाईंनी उरलेल्या दोऱ्याचं एक कव्हर करून दिलं, मी ते स्टेटसला टाकलं आणि पुण्याच्या नणंदेच्या मैत्रिणींनी लगेच किती रुपये म्हणून विचारलं. छोट्या धंद्यांच्या नोंदणीचं सरकारी उद्यम पोर्टल त्याच वर्षी 1 जुलैला सुरू झालं होतं, नोंदणीला पैसे लागत नाहीत, आमच्या ह्यांनी बसल्या बसल्या आधार नंबर टाकून ती करून टाकली. ह्यांचं काम हिशोब आणि कुरिअर, सासूबाईंचं काम माल तपासणे, माझं काम बाकी सगळं.

आता कव्हर कसं होतं ते सांगते कारण लोकांना वाटतं की गोल गोल विणत गेलं की झालं. मॅजिक रिंगमधे (दोऱ्याचा ओढून बंद होणारा फास) सहा मुके खांब (क्रोशाचा बुटका साधा टाका) घालायचे, मग प्रत्येक फेरीला सहा टाके वाढवायचे म्हणजे 6, 12, 18, 24 असं, तर तळ सपाट बसतो. कमी वाढवले तर त्याची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. सहा इंची नर्सरीच्या कुंडीला आम्ही तळ 48 टाक्यांवर थांबवतो, पुढची एक फेरी टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून घेतो म्हणजे तळाची कड नीट उभी राहते, आणि तिथून भिंत वर चढवायची. पण कुंडी खाली निमुळती नि वर रुंद असते, म्हणून मधे मधे थोडे टाके वाढवत जायचं, आणि माप कुंडीपेक्षा जरासं कमीच ठेवायचं कारण सूत ताणतं, अगदी मापात केलं तर महिनाभरात कव्हर खाली घसरतं.

नक्षीचं पण असंच आहे. दोन रंगांचे दोरे सोबत घेऊन विणलं की नक्षी उमटते, ग्राफ वहीत एक चौकोन म्हणजे एक टाका. पैठण आपल्याच मराठवाड्यात असल्यानं सगळे पहिल्यांदा मोरच मागतात. पण गोल विणताना मुका खांब प्रत्येक फेरीला थोडा थोडा बाजूला सरकतो, त्यामुळं मोर तिरका होतो नि मान मोडल्यासारखी दिसते. काठावरची टोकदार नक्षी मात्र फार सुंदर बसते, ती तिरकी झाली तरी मुद्दाम केल्यासारखी वाटते, म्हणून आम्ही मोराच्या ऑर्डरवाल्यांना आधी काठाचे फोटो पाठवतो आणि बहुतेक जण मानतात.

सुताचं एक दुःख आहे माझ्या मनात. कापूस आमच्या दारात पिकतो, परभणी, जालना, नांदेड, बीड, सगळीकडं पांढरं सोनं, आणि क्रोशाचं चांगलं सूत मात्र आम्हाला तामिळनाडूतून मागवावं लागतं, ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम धाग्याचं लुधियानाचं, पुनर्वापराचं जाड सूत पानिपतचं. नांदेडची उस्मानशाही मिल एके काळी किती मोठी होती हे सासरे अजून सांगत असतात. इथंच गिरणीत क्रोशाजोगं सूत निघालं तर मी पहिली गिऱ्हाईक होईन, हे मी भेटेल त्याला बोलून दाखवते.

कोणतं सूत कुठं वापरायचं हे आमच्या उन्हानं आणि आमच्या पाण्यानं शिकवलं. परभणीचा मे महिना म्हणजे पारा 43, 44 ला जातो, पश्चिमेच्या गॅलरीत सुती कव्हर ठेवलं तर एका उन्हाळ्यात रंग उडतो नि दोरा कुजका होतो, तिथं चांगलं ॲक्रिलिक जास्त टिकतं. घरात सावलीत मात्र सुतीच घ्या, हाताला नि डोळ्याला दोन्हीला बरं लागतं. सुतळीचं दिसतं लई छान, पण सतत ओल लागली की खालून सडायला लागतं, म्हणून आम्ही ते फक्त सुकलेल्या फुलांच्या भांड्यांना देतो, झाडाला मागितलं तर सरळ नाही म्हणतो.

पाण्याचं तर विचारूच नका, बोअरचं जड पाणी. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरतं, ते वाळलं की क्षार मागं राहतात, ती पांढरी खपली तुम्ही सगळ्यांनी कुंडीवर बघितली असेल, तीच कव्हरवर येते. म्हणून मातीच्या कुंडीला आम्ही बिनतळाचं, जरा सैल नि जाळीदार कव्हर करतो, कुंडी आपली थाळीवर बसलेली आणि हवा खेळती. डाग पडलाच तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकून भिजवून ठेवायचं, खपली सुटते. प्लास्टिकच्या कुंडीला तळाचं कव्हर चालतं पण आत बशी पाहिजेच, आणि पाणी घालताना कुंडी बाहेर काढायची, निथळू द्यायची, मग परत आत. स्नेक प्लांट किंवा झीझी प्लांट साचलेल्या पाण्यात मुळापासून सडतात, दोष कव्हरला लागतो. हे सगळं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पाकिटात जाते, चिठ्ठीच्या वर 'जगात जर्मनी, भारतात परभणी' छापलंय, ते वाचून पुण्या-मुंबईचे मराठवाडी लोक फोन करून बोलतात, लई बरं वाटतं.

अजून एक, पिठ्या ढेकूण. कुंडीच्या काठाखाली नि कव्हरच्या घडीत ते लपून बसतात, कापसासारखा पांढरा बुरा दिसला की समजायचं. आमच्याकडं काम करणाऱ्या बहुतेक बायका शेतकऱ्याच्या घरच्या, त्यांनी हा किडा कपाशीवर बघितलेला, त्यांना ओळखायला सांगावं लागत नाही. कव्हर काढून गरम पाण्यात साबणानं धुवायचं (ॲक्रिलिक असेल तर कोमट पाणी, नाहीतर आकार जातो) आणि झाडाला निंबोळी तेलाचा फवारा, पानाच्या खालून सुद्धा.

आता पैशाचं. क्रोशा मशीनवर होत नाही. निटिंगची मशीन असते, क्रोशासारखी दिसणारी जाळी पण मशीनवर निघते, पण खरा क्रोशाचा टाका अजून माणसाचा हातच घालतो. म्हणजे बाजारात कुठंही क्रोशाची वस्तू मातीमोल भावात दिसली तर ती पण कुणीतरी बसून हातानंच केलेली असते, त्या हाताला काय मिळालं एवढंच तुम्हाला दिसत नाही. म्हणून आमचा भाव उलटा निघतो. आधी तास. सहा इंची साध्या कव्हरला सरावाच्या हाताला अडीच-तीन तास लागतात, त्याचे 150 रुपये बाईला, माल तपासला की त्याच दिवशी, विकला जायची वाट न बघता. मग सूत, पॅकिंग, आमचा खर्च नि नफा, असं करत ते 380 ला जातं. नक्षीचं असेल तर तास दीडपट म्हणून मजुरी पण दीडपट. कमी करा म्हणणारे रोज भेटतात, मी त्यांना लहान माप सुचवते, भाव कमी करत नाही, कारण माझ्या नफ्यातून किती कमी होणार, शेवटी ते बाईच्या तासावरच येतं.

बायका घरीच काम करतात, दुपारी, स्वयंपाक आवरल्यावर. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल, त्याच सुतात त्याच टाक्यांत एकीचं कव्हर कुंडीत जात नाही नि दुसरीचं गळून पडतं. हात बदला म्हणून सांगायचं नाही, सुई बदलायची. घट्ट हाताला 4.5 मिमीची सुई, सैल हाताला 3.5 ची, आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढं तिची सुई लिहिलेली. एक मावशी पासष्टीच्या पुढच्या आहेत, त्यांना डोळ्यानं कमी दिसतं म्हणून त्यांना फक्त फिकट रंग देतो, काळ्या दोऱ्यात टाका दिसत नाही, आणि त्यांचा तळ इतका सपाट येतो की नव्या पोरींना मी तोच दाखवायला ठेवलाय.

आणि आमचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, कपाशीवर चालतं. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, निम्म्या बायका रानात, वेचणीचे पैसे किलोवर नि रोख, त्यांनी जाऊ नये असं मी कशी म्हणणार. नेमकं तेव्हाच दिवाळीच्या गिफ्टची नि पाठोपाठ संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर येते, हळदी-कुंकवाला आता बायका प्लास्टिकच्या डब्याऐवजी छोटं रोप द्यायलेत, त्याला चार इंची कव्हर, एकेकीला पन्नास पन्नास लागतात. म्हणून आम्ही मार्च ते मे, रानात काम नसतं तेव्हा, चार इंचीचा साठा करून ठेवतो. त्या दिवसांत बाईच्या हातात दुसरा पैसा नसतो हे पण आहेच. माल उन्हाळ्यात भरायचा म्हणजे पैसे आमचे अडकतात संक्रांतीपर्यंत, त्यासाठी बचत गटातून कर्ज घेतो नि संक्रांत झाली की फेडतो, हे चक्र आता बसलंय.

विक्री म्हणाल तर फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात स्टॉल, तिथं लोक हातात घेऊन बघतात, ताणून बघतात. बाकी फोनवर आणि ऑनलाइन. ज्या ताया नव्यानं सुरू करायलेत त्यांच्यासाठी सांगते, 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नंबर नसताना पण मोठ्या साइटवरून आपल्या राज्यातल्या राज्यात माल विकता येतो, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. आधी हे नव्हतं, नि त्याच्यामुळं कितीजणी स्टेटसच्या पुढं गेल्याच नाहीत.

सध्या लटकत्या कुंड्यांच्या कव्हरवर काम चालूय, त्यात ओल्या मातीचं वजन दोऱ्यावर येतं म्हणून भरलेली कुंडी आधी काट्यावर ठेवून मगच दोरा ठरवतो. ऑर्डर देताना तीन मापं पाठवा, शिंप्याच्या टेपनं, तोंडाचा घेर, तळाचा घेर आणि उंची, तोंडाची कड बाहेर आलेली असेल तर घेर कडेच्या खाली मोजा, आणि कुंडी मातीची का प्लास्टिकची, घरात राहणार का गॅलरीत, एवढं नक्की लिहा.