नेपल्सला वडिलांना सामना दाखवायला नेताय? आधी तिकिटावरची जन्मतारीख वाचा

खालची गॅलरी घेऊ नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण नेपल्सच्या स्टेडियमवर गोलच्या मागची खालची गॅलरी कुणी फुकट दिली तरी वडिलांना घेऊन तिथं जाऊ नका. आम्ही ती फुकट नाही, माणशी ११० युरो मोजून घेतली. तिकिटावर छापील किंमत होती ३०.

आमचे आप्पा ३५ वर्षं उद्यमनगरात लेथवर होते आणि त्याच्याही आधीपासून पेठेतल्या तालमीचे गोलकीपर. कोल्हापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं की आमच्याकडं फुटबॉल क्लबचा नसतो, तालमीचा असतो. पाटाकडील काय, खंडोबा काय, दिलबहार काय, आधी तालीम मंडळ, मग संघ. १९८६चा वर्ल्ड कप आप्पांनी गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर बघितला आणि तेव्हापासून आमच्या देवघराशेजारी पेपरातून कापलेला मॅराडोना फ्रेममध्ये आहे. आई रोज गणपतीला फूल वाहते, उरलं तर त्यालाही. माझा जन्म १९८४चा. मॅराडोना बार्सिलोना सोडून नापोलीत, म्हणजे नेपल्सच्या क्लबात आला ते साल, म्हणून तुझ्या बापाला तुझं वय आठवतं, असं आई म्हणते.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी एकदा नेपल्स, एवढंच ठरलं होतं. चांगले बूट, गुडघ्याचा पट्टा, जिना चढायची सवय हे सगळं तुमच्याकडं आहे असं धरून पुढचं लिहितो.

व्हिसाचा बाऊ करू नका. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवा आकार. प्रवासाआधी ६ महिन्यांपासून अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. ज्येष्ठांचा विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम मात्र नीट वाचा. आमची अडचण भलतीच निघाली. आप्पांच्या बोटांचे ठसे उमटेनात. ३५ वर्षं लोखंड हाताळलेली बोटं, रेषाच गुळगुळीत झालेल्या. काउंटरवरची मुलगी 'अंकल, जरा जोरात दाबा' म्हणायची आणि आप्पा मशीन फुटेल अशी दाबायचे. सातव्या खेपेला उमटले. तुमचे वडीलही हातानं काम केलेले असतील तर आदल्या रात्री बोटांना तेल चोळा आणि केंद्रावर गेल्यावर पुसून टाका. आम्हाला हे तिथल्या शिपायानं सांगितलं, सातव्या खेपेच्या आधी.

आता तारखेचं. सेरी आचं, म्हणजे इटलीतल्या अव्वल फुटबॉल लीगचं वेळापत्रक आधी जाहीर होतं त्यात सगळे सामने रविवारी दिसतात. तो रविवार खरा धरू नका. नेमका दिवस आणि वेळ टीव्हीच्या सोयीनं नंतर ठरते, आणि शुक्रवार ते सोमवार कुठंही जाऊन पडते. आमचा रविवार सोमवारी रात्री पावणेनऊवर गेला. तोवर मी रोमहून मंगळवारी दुपारचं परतीचं विमान काढून बसलेलो. म्हणजे रात्री ११ला सामन्यातून सुटायचं, पहाटे उठून नेपल्सहून रोमची गाडी धरायची, आणि हे सगळं ६९ वर्षांच्या माणसाला घेऊन. फास्ट गाडीला जेमतेम सव्वा तास लागतो, त्यामुळं जमलं. पण 'जमलं' हा काही सल्ला नव्हे. सामन्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा, आणि दिवस पक्का झाल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशात काहीही बुक करू नका.

तिकिटाची गोष्ट लांबवर सांगणार आहे, कारण राग अजून गेलेला नाही.

इटलीत सामन्याचं तिकीट नावावर असतं. नाव, जन्मतारीख तिकिटावर येते आणि गेटवर ते ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडं काउंटरवरून चार तिकिटं उचलून मित्रांना वाटतो तसला प्रकार नाही. क्लबच्या अधिकृत विक्रीत सुरुवातीचे दिवस क्लबचं चाहता-कार्ड असलेल्यांचे असतात, नंतर उरलेली तिकिटं सगळ्यांना खुली होतात. साध्या सामन्याला तेवढा धीर धरला तर छापील किमतीत मिळतं. मी धीर धरला नाही. ६ आठवडे आधी एका पुनर्विक्री करणाऱ्या वेबसाइटवर 'कॅटेगरी ३, दोन जागा शेजारी शेजारी' असं दिसलं आणि कार्ड काढलं. कॅटेगरी ३ म्हणजे नेमकं काय, हे तिथं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पैसे गेल्यावर ४ आठवडे नुसते 'लवकरच' असे मेल. सामन्याच्या आदल्या रात्री तिकिटं आली. दोन्हींवर नावं आमची, पण जन्मतारीख एकच: माझी. आणि जागा: कुर्वा, खालची.

कुर्वा म्हणजे गोलच्या मागची वळणावरची गॅलरी, तिथल्या कट्टर पोरांची. ढोल, झेंडे, धूर, आणि ९० मिनिटं उभं राहणं. आता हे स्टेडियम कसं आहे बघा. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळं गोलच्या मागं बसणारा माणूस आधीच लांब पडतो. त्यात खालची गॅलरी बसकी. पुढं झेंडा, झेंड्याच्या पुढं जाळी, जाळीच्या पुढं ट्रॅक, आणि मग कुठंतरी लांब २२ माणसं मुंग्यांसारखी. वरच्या गॅलरीतून निदान मैदानाचा आकार कळतो. खालून फक्त गवताची कड दिसते.

गेटवर मात्र त्याहून आधी अडकलो. आतल्या फिरत्या दांड्याच्या अलीकडं एक पहिली तपासणी असते. तिथल्या पोरानं आप्पांचा पासपोर्ट घेतला, तिकीट घेतलं, आप्पांकडं बघितलं. पासपोर्टवर १९५६, तिकिटावर १९८४. त्यानं पुन्हा आप्पांकडं बघितलं. आप्पांनी टोपी काढून दाखवली, जणू टक्कल बघून १९५६ पटेल. पोरगं हसलं आणि त्यानं वरच्या माणसाला बोलावलं. मी बुकिंगचा मेल दाखवला, माझा पासपोर्ट दाखवला, बाप-लेक आहोत हे आडनावावरून पटवलं. २० मिनिटं गेली. सोडलं, पण ती त्यांची मेहेरबानी. माझ्यासमोर दोघा परदेशी पोरांना नाव जुळत नाही म्हणून मागं पाठवलं. तेव्हा तिकीट घेताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा: स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये आणि आडनाव आडनावात, अक्षर न चुकता. आपल्या तीन नावांच्या पद्धतीचा घोळ इथंच होतो.

मग झडती. पाण्याच्या बाटलीचं बूच काढून घेतलं, ते माहीत होतं. आप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात चंची होती ते मला माहीत नव्हतं. चंचीतून सुपारी निघाली, काताची डबी निघाली आणि अडकित्ता निघाला. पितळी, मुठीवर मोर, आजोबांच्या वेळचा. गार्डनं तो दोन बोटांत धरला, उघडला, मिटला आणि शेजारच्या गार्डला दाखवला. दोघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: यानं नक्की काय कापायचं असतं? आप्पांनी सुपारी घेऊन तिथंच कातरून दाखवली, कटकट आवाज करत, आणि एक खांड त्याच्यापुढं धरलं. मला घाम फुटला. अडकित्ता आत जाणार नाही हे उघड होतं. पिंपात टाका म्हणाले. आप्पा म्हणाले, "त्येच्या बापाला टाक म्हणावं पिंपात." शेवटी मी पळत मागं गेलो आणि स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका कॉफीच्या बारमध्ये काउंटरवरच्या बाईला खुणेनं सांगून ठेवला. तिनं पैसे घेतले नाहीत. गल्ल्याशेजारी, मॅराडोनाच्या फोटोखाली ठेवला.

आत शिरेपर्यंत सामना सुरू होऊन ५ मिनिटं झालेली.

पहिल्या अर्ध्या तासात मी ती वेबसाइट, ती कॅटेगरी आणि स्वतःला शिव्या देत होतो. सगळे उभे, म्हणून आम्हीही उभे. नापोलीनं पलीकडच्या टोकाला गोल केला तो मला दिसला नाही, अंगावर पडलेल्या माणसांवरून कळला. आप्पांना मात्र एका दाढीवाल्या पोरानं हाताला धरून पुढं कठड्याशी नेलं. तिथं टेकायला लोखंडी दांडा होता. मला वाटलं, आता म्हातारा परत जाऊ म्हणेल. कसलं काय. आप्पा सामना बघतच नव्हते. आमच्या बाजूच्या गोलात जो कीपर होता, त्याची पाठ तेवढी त्या जागेवरून चांगली दिसत होती, आणि आप्पा मध्यंतरापर्यंत फक्त त्याला बघत होते. बॉल पलीकडं असतानाही तो कुठं उभा राहतो, किती पुढं सरकतो, बॅकला कसा ओरडतो. मध्यंतरात मला म्हणाले, "टीव्हीवर ह्ये कधी दावत न्हाईत. बॉलमागंच फिरत्यात." मग १९९०ची सेमीफायनल निघाली. ती याच मैदानावर झाली. इटली विरुद्ध अर्जेंटिना, १-१, आणि पेनल्टीवर अर्जेंटिनाचा कीपर गोयकोचियानं दोन अडवल्या, दोनादोनीची आणि सेरेनाची. आप्पांनी दोन्ही वेळा तो कुठल्या बाजूला झेपावला ते कठड्याला एक हात धरून करून दाखवलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला. दाढीवाल्या पोराला गोयकोचिया एवढा एक शब्द कळला आणि त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. आप्पांना खालची गॅलरी मानवली. तरी तुम्ही घेऊ नका. तुमचे वडील गोलकीपर नसणार.

परतीचा भाग सर्वांत वाईट. स्टेडियम फुओरिग्रोत्ता भागात आहे. या नावाचा अर्थच गुहेच्या बाहेरचं. मूळ शहर आणि हा भाग यांच्यामध्ये डोंगर आहे आणि वाहतूक बोगद्यातून जाते. म्हणजे सुटलेली सगळी जत्रा त्याच दोन-चार वाटांनी शहरात घुसायला बघते. जाताना मेट्रोची लाइन २ धरून कांपी फ्लेग्रेई स्टेशनला उतरलो, तिथून १० मिनिटं चालत, काही त्रास नाही. येताना त्याच स्टेशनच्या दारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आप्पांचा गुडघा तोवर बोलायला लागलेला. कोपऱ्यावर गाडी लावून उभ्या एकानं ४० युरो मागितले, पाटी नाही, मीटर नाही. दिले. पुढच्या सीटवरून आप्पांनी हिशेब मांडला: "४ हजार. येवढ्यात जोतिबाला जाऊन मटणाचं जेवण घालून आलो असतो गल्लीला." पांढरी, पाटीवाली टॅक्सीच घ्या, आणि बसण्याआधी ठरीव दर मागा. नेपल्समध्ये बऱ्याच मार्गांना असा दर आहे, पण तो सुरुवातीला मागितला तरच, नाहीतर मीटर. त्याहून बरं, सामन्याच्या रात्रीपुरती खोली फुओरिग्रोत्तातच घ्या. बघण्यासारखं तिथं काही नाही, पण चालत परत येता येतं. मी परत गेलो तर एवढी एकच गोष्ट आधी करीन.

बाकी ४ दिवस छान गेले. पॉम्पेई झालं. समुद्र आहे. घडी घालून हातात देतात तो पिझ्झा स्वस्त आणि पोटभर. हॉटेलात बसलात तर बिलात माणशी 'कोपेर्तो' लागतो, तो फसवणूक नसतो, भांडू नका, आप्पा भांडले. स्पॅनिश क्वार्टर्समधलं १९९०चं मॅराडोनाचं भिंतचित्र टोलेदो रस्त्यावरून चढाच्या गल्लीत आहे. फरशी घसरडी, स्कूटर अंगावर येतात, सकाळी लवकर जा. चित्रासमोर फुलं, मेणबत्त्या, स्कार्फ असा संसार मांडलेला. आप्पांनी तिथं बूट काढले. नाडीचे बूट पुन्हा घालायला पायरीवर बसावं लागलं आणि उठायला मी लागलो. वडिलांना नाडीचे बूट देऊ नका.

तिकीट कुठलं, तर मैदानाच्या लांब बाजूची 'दिस्तिंती' गॅलरी. कुर्वाहून महाग, पण मी दलालाला दिले त्याहून खूपच स्वस्त. बसायला मिळतं, पूर्ण मैदान दिसतं. ते मिळालं नाही तर सामना न बघता परत या, पण कॅटेगरी नावाच्या कुठल्याही वस्तूला पैसे देऊ नका. माझी त्या वेबसाइटकडची तक्रार ३ महिने 'तपासात' आहे.

अडकित्ता राहिला. रात्री सुटलो तेव्हा त्या बारचं शटर खाली होतं आणि पहाटे गाडी होती. तेव्हा जाणाऱ्या कुणाला जमलं तर बघा: कांपी फ्लेग्रेई स्टेशनकडून स्टेडियमकडं जाताना डाव्या हाताला, बाहेर दोन लाल टेबलं. आप्पांनी मला लिहायला सांगितलेली खूण होती 'खिडकीत मॅराडोनाचा फोटो', पण ती धरू नका. त्या रस्त्याला सगळ्यांच्याच खिडकीत आहे.