अर्ध्या कानाने

मी बागेत गाणं ऐकायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी फेऱ्या मारायला गेलो होतो. रोजच्या आठ. दोन झाल्या होत्या. तिसरीत कारंज्याच्या अलीकडे आलो, तर ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी उपटून बाजूला ठेवलेली, आणि पाटीच्या जागी एक मुलगा गुडघ्यांवर बसून वायरींवर काळी चिकटपट्टी मारत होता. गुडघाभर उंचीचं लाकडी स्टेज, वर कापडी छत, दोन बाजूंना दोन स्पीकर, समोर छत्रीखाली आवाज जुळवायच्या मिक्सरचं टेबल. पुठ्ठ्यावर मार्करने सहा बँडची नावं लिहिलेली. एकही ओळखीचं नाही. नावं तरी कशी, हरवलेल्या वस्तूंच्या नोंदवहीतून उचलल्यासारखी.

‘इंडी संगीत महोत्सव’ असं त्या पुठ्ठ्यावर होतं. महोत्सव हा शब्द जरा सैलच बसत होता. लहान मुलाला वडिलांचा शर्ट बसतो तसा. मोजून साठ-सत्तर माणसं. त्यातली निम्मी सतरंज्यांवर आडवी.

तो मुलगा माईकपुढे गेला आणि ‘चेक, चेक, वन, टू’ म्हणाला. कितीही मोठं स्टेज असो, माणसं दोनपर्यंतच मोजतात. तीनपर्यंत गेलेला साउंड चेक मी तरी ऐकलेला नाही. मग स्पीकरमधून एक लांबलचक शिट्टी निघाली आणि आडवे झालेले सगळे एकदम बसते झाले. माईकने स्पीकरचा आवाज ऐकायचा, तोच परत स्पीकरला सांगायचा, स्पीकरने तो वाढवून परत माईकला. चहाडखोरांची जोडीच. या प्रकाराला सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाचं नाव आहे. आपलं नाव कायमचं एका कर्कश शिट्टीला लागावं, यात त्यांना किती आनंद झाला असता कोण जाणे.

मी चालत राहिलो. फेरी मोडायची नाही, हा माझा नियम. नियम म्हणण्यापेक्षा हट्टच, पण या वयात दोन्हींत फार फरक राहत नाही.

चालता चालता लक्षात आलं, की मला एक कार्यक्रम ऐकू येतच नव्हता. येत होते त्याचे काप. स्टेजसमोरून जाताना सगळं असे: शब्द, गिटार, झांजांची खणखण. बागेच्या दुसऱ्या टोकाला गेलो, की ड्रमरची काठी खाली आलेली आधी दिसे आणि ठोका मागाहून येई. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे ऐंशी मीटरवरच्या बाकापर्यंत यायला त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्याने ड्रमर खोटा वाटायला लागतो. शिवाय मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं, की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दहा मीटरवरून ऐंशीवर जाईपर्यंत अठरा डेसिबल गळून पडलेले असतात. भिंती नाहीत, छप्पर नाही, म्हणजे आवाजाला परत पाठवणारं कुणी नाही. गेला तो गेला.

खरी गंमत स्टेजच्या मागे. तिथे रस्ता झुडपांमागून वळतो आणि गाण्याचं वरचं सगळं नाहीसं होतं. शब्द नाहीत, झांजा नाहीत. राहतं ते फक्त ‘डुं, डुं-डुं’. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. त्याची एकेक लाट आठ मीटरहून लांब. असली लाट स्टेज, झुडूप, फेऱ्या मारणारा मनुष्य, सगळ्यांना वळसा घालून सहज पुढे जाते. झांजेची लाट काही सेंटिमीटरांची. ती स्पीकरचं तोंड असेल त्या दिशेला सरळ सुटते, मागे वळून बघत नाही. म्हणून गाण्याच्या पाठीमागे उभं राहिलं, की नुसता बेस.

इंडी म्हणजे काय, यावर त्या सतरंज्यांवर तावातावाने बोलणं चाललेलं मी दोन-तीन फेऱ्यांत मिळून ऐकलं. मूळ शब्द इंडिपेंडंट. हा त्याचा खिशात मावणारा तुकडा. मोठ्या कंपनीच्या दारात न थांबता स्वतःच ध्वनिमुद्रण करायचं, स्वतःच तबकडी काढायची. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७मध्ये मित्र आणि घरच्यांकडून उसने पैसे घेऊन, स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाने, पहिल्या हजार प्रती काढल्या, तेव्हा बऱ्याच जणांना कळलं की अरे, हे आपल्यालाही जमेल. पुढे शब्दाचा अर्थ घसरत गेला. कुणाचे पैसे, याऐवजी कसला आवाज, यासाठी तो वापरायला लागले. मग मोठ्या कंपन्याही आनंदाने इंडी झाल्या. माझी व्याख्या त्या संध्याकाळी साधी झाली. गाणं संपल्यावर अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा खोका, गायकानेच उचलला, तर ते इंडी.

आणि उचलत होतेच. पहिला बँड उतरला आणि गायक, गिटारवाला, ड्रमर सगळे हमालीला लागले. पहिल्या रांगेत मान डोलावत बसलेले दहा-बाराजण उठून त्यांना मदत करू लागले, तेव्हा कळलं की ते प्रेक्षक नव्हतेच. ते पुढचे दोन बँड होते. उरलेल्यांत बँडवाल्यांचे घरचे धरले, तर निव्वळ, निष्कारण आलेला श्रोता कोण? एक बाकावर शब्दकोडं सोडवणारे गृहस्थ, एक कुत्रा, कारंज्याशी खेळणारी दोन मुलं आणि मी. आम्हा पाचांपैकी एकानेही धड लक्ष दिलेलं नव्हतं.

या अर्ध्या कानाच्या ऐकण्याबद्दल आपल्याला उगाच अपराधी वाटतं. भाषेनेच तसं करून ठेवलंय. आपण कान ‘देतो’. म्हणजे द्यायचा तर अख्खा, देऊन झाल्यावर परत मागायचा नाही. ‘मुलगा ऐकत नाही’ याचा अर्थ त्याचे कान बिघडलेत असा होत नाही. आणि दुर्लक्षाला आपण कानाडोळा म्हणतो. बिचाऱ्या दोन्ही इंद्रियांना एकाच गुन्ह्यात गोवून मोकळे. सभागृहातलं ऐकणं या सगळ्याला शोभेसं असतं. दार लावलेलं, दिवे मालवलेले, खोकला आला तरी माणूस दोन गाण्यांमधली फट शोधतो. बागेला दारच नाही. आवडलं नाही तर उठून जायचं. उठायचीही गरज नाही, कूस बदलली तरी पुरते. गाणाऱ्याला हे दिसत असतं. म्हणून बागेत गाणं जास्त कठीण असावं, असं मला वाटतं. तिकीट काढून आलेला माणूस निदान तिकिटाची लाज म्हणून तरी बसतो.

अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत हाच प्रकार भरात होता. झाडांमध्ये वादकांसाठी उंच मंडप, आणि खाली लोक हिंडताहेत, खाताहेत, एकमेकांचे कपडे न्याहाळताहेत. एप्रिल १७४९मध्ये हँडेल या संगीतकाराच्या एका नव्या रचनेची तालीम, नुसती तालीम, तिथे ठेवली. त्या काळच्या नोंदी सांगतात, की बारा हजार माणसं लोटली आणि लंडन ब्रिजवर गाड्या तीन तास अडकून पडल्या. त्या बारा हजारांतल्या किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं असेल, हे न विचारणंच बरं. मला मात्र आवडतो तो त्याच बागेतला हँडेलचा पुतळा. बागेच्या मालकाने तो १७३८मध्ये, हँडेल हयात असताना बसवला. त्यात हा एवढा मोठा माणूस डोक्यावर मऊ टोपी, पायांत घरातल्या सपाता अशा थाटात बसलाय. मूर्तिकाराला ती बाग नेमकी कळली होती. श्रोते सैल, मग संगीतकारानेच का म्हणून ताठ बसावं?

त्याच्या उलट गोष्ट एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची. १९२०मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात त्याने मुद्दाम न ऐकण्यासाठी संगीत लिहिलं. खुर्ची-टेबलासारखं, आपलं खोलीत असलेलं. नाटकाच्या मध्यंतरात ते वाजायचं होतं आणि लोकांनी खुशाल गप्पा मारायच्या होत्या. वाजायला लागलं आणि सवयीचे गुलाम लोक मुकाट जागेवर बसून ऐकू लागले. साती ओरडत हिंडतोय, बोला, फिरा, ऐकू नका! कुणी ऐकेना. म्हणजे ऐकतच राहिले. त्याने बाग निवडायला हवी होती.

पाचव्या फेरीत तिसरा बँड सुरू झाला. गाणारी एक मुलगी, हातात गिटार. शब्दांचा कागद स्टँडला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेला. वारा सुटला की उघड्यावरच्या वादकांना हाच उपाय. एकेका गाण्यानंतर ती तारा जुळवत होती. उन्हाने तार तापते, किंचित लांबते, सूर उतरतो. ऊन गेलं की पुन्हा उलटं. ती जुळवत असताना काहीबाही बोलायची आणि ते गाण्यापेक्षा मोकळं असायचं.

मी समोरून जात असताना तिने एक ओळ गायली. ओळ इथे लिहीत नाही, कारण अर्धीच ऐकली. दुसरा अर्धा भाग झुडपांनी खाल्ला. मागे पोचलो तेव्हा नुसता बेस. डुं, डुं-डुं. पण आता तो डुं त्या ओळीच्या उरलेल्या भागाचा आहे, हे मला माहीत होतं. वर काय शब्द असतील, याचा विचार करत मी चालत होतो, आणि मध्येच ध्यानात आलं की मी जवळजवळ पळतोय. समोर पोचलो तो टाळ्या. म्हणजे आठ-दहा माणसांच्या टाळ्या, त्यातली एक कुत्र्याच्या मालकाची, एका हाताने मांडीवर वाजवलेली.

थांबलो का नाही, असं कुणीही विचारेल. थांबलो असतो तर फेरी मोडली असती.

सहावी, सातवी अशीच गेली. तोवर ऊन उतरलं होतं आणि आवाज जास्त लांब पोचायला लागला होता. हा भास नव्हे. जमीन निवते, तिच्याजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर निघालेला आवाज वाकून खाली येतो. दुपारी तोच आकाशात निघून जातो. आजूबाजूच्या घरांमधून तक्रारी संध्याकाळीच का येतात, याचं हे एक कारण. रखवालदार घड्याळाकडे बघत स्टेजपाशी घुटमळायला लागला, त्याचंही.

आठवी फेरी संपवून मी रीतसर, ताठ मानेने ऐकायला गेलो, तर ती मुलगी वायर कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळत होती.

“ते मघाचं गाणं,” मी म्हणालो, “त्यातली पूर्ण ओळ काय आहे?”

“कुठलं गाणं, काका?”

आली का पंचाईत. शब्द अर्धे, तेही विसरलेले. मला पक्कं येत होतं ते एवढंच. मी तिथे, अनोळखी माणसांत, ‘डुं, डुं-डुं, डुं’ असं चांगलं दोन आवर्तनं म्हणून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि मग स्टेजकडे वळून ओरडली, “अरे, इकडे ये! काका तुझा बेस गातायत!”

एक उंच, वाकलेला मुलगा आला. मी त्याला पुन्हा म्हणून दाखवलं. त्याने एका जागी दुरुस्ती केली. मग कानांपर्यंत लाल होत म्हणाला, “हे कुणाला ऐकू येतं असं वाटलं नव्हतं.” झुडपांमागे ये, दुसरं काही ऐकू येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. ओळ विचारायची राहूनच गेली.

टेबलावर त्यांची कॅसेट होती. थोड्या प्रती काढायच्या तर अजूनही कॅसेट सोयीची पडते म्हणे. मी एक घेतली. घरी आल्यावर आठवलं, की ती वाजवायला माझ्याकडे काहीही नाही.

ती अजून जाकिटाच्या खिशातच आहे. चालताना आतली चाकं खुळखुळतात. डाव्या पावलाला एकदा, उजव्याला लागोपाठ दोनदा. उजवा गुडघा थोडा धरतो, त्याचं ते असणार.