मार्वेची बोट, गोराईचा आगेरा आणि पर्समधली लोंबी

रविवारी सकाळी सव्वासहाला मालाड स्टेशनबाहेर 272 पकडली तेव्हा बसमध्ये मी, कंडक्टर आणि रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन कोळणी एवढेच होतो. नवरा म्हणाला होता सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून कुठे चाललीस, मी म्हटलं शेत बघायला, तर तो कुशीवर वळून म्हणाला मुंबईत? आणि परत झोपला.

तर गोष्ट अशी की ऑफिसातली माझी मैत्रीण गोराईची, ईस्ट इंडियन. आता हे नाव ऐकून नवा माणूस गोंधळतोच कारण राहतात सगळे पश्चिम किनाऱ्यावर, घरी बोलतात मराठी, आणि नाव ईस्ट इंडियन. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, या इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव स्वतःच घेतलं, नोकरीसाठी बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे हे कळावं म्हणून. ती तीन वर्षं मागे लागली होती की आगेऱ्याला ये, आगेऱ्याला ये. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. शब्द लॅटिनमधल्या शेतावरून आला म्हणतात, मला आपलं आगर आठवलं, दोन्ही चालेल.

माझं जायचं खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते थोडं लाजेचं आहे. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत आदल्या वर्षी सृष्टी रविवार केला, कमिटीत मी पण होते. ही कल्पना तशी चांगली आहे, 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर जगभरातल्या चर्चेसमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात. 1989 ला ऑर्थोडॉक्स चर्चचे पेट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, दिमित्रिओस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, पुढे बाकीचे जोडले गेले, आणि 2015 ला पोप फ्रान्सिसनी तोच दिवस कॅथलिकांनाही दिला. 4 ऑक्टोबर म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, तेच ज्यांनी आठशे वर्षांपूर्वी स्तोत्र रचताना सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं, आणि तेव्हा त्यांचे डोळे जवळजवळ गेलेले होते. हे सगळं मी आमच्या उपासनेत माइकवर वाचून दाखवलं होतं बरं का, मोठ्या रुबाबात. मग चाळीस रोपं वाटली काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, प्रत्येकाचा रोपासकट फोटो, मग जेवण, आणि जेवण थर्माकोलच्या प्लेटांत. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी त्या कुठून आल्या ते विचारू नका, आणायला मीच गेले होते. माझं रोप खिडकीच्या ग्रिलमध्ये तीन महिन्यांत वाळलं. तेव्हापासून सृष्टीसाठी प्रार्थना हे शब्द कोणी काढले की मला गेटपाशी रचलेल्या त्या उष्ट्या प्लेटांचा ढीगच दिसतो.

असो. मार्वेच्या जेट्टीवर बोट तयारच होती. पाण्याला ओहोटी, त्यामुळे बोटीत चढताना चिखलातनं फळीवरून जावं लागतं आणि तिथे चप्पल हातात घ्यायची असते हे मला फळीवर अर्ध्यात गेल्यावर कळलं. बोटीत माणसं कमी, स्कूटर जास्त. खाडी जेमतेम काही मिनिटांची पण तेवढ्यात मालाडचा आवाज मागे पडतो, दोन्ही काठांना तिवरं, त्यांची टोकदार मुळं चिखलातनं वर आलेली आणि त्या मुळांत अडकलेल्या दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, एक बाहुली. बगळा मात्र त्यातही निवांत.

मनोरीला उतरून शेअर रिक्षा केली. रस्ता कुळवेमवरून जातो, अधेमधे क्रूस दिसतात, झेंडूचे हार घातलेले, पायथ्याशी मेणबत्त्यांचे ओघळ. मुंबईत 1896 ला प्लेग आला तेव्हा गावठाणांतून असे बरेच क्रूस उभे राहिले. रिक्षावाला (तो उत्तर प्रदेशचा) प्रत्येक क्रूसासमोर हात छातीला लावत होता. विचारलं तर म्हणाला रोजचा रस्ता आहे ताई, ओळख ठेवलेली बरी.

मैत्रिणीच्या घरी पोचले तर तिची आई लुगडं नेसून तयार, लाल चौकड्यांचं, गळ्यात सोनं. "बस गो, चहा घे, अजून बँडवाले यायचे आहेत." मी म्हटलं मावशी, मिस्सा (कॅथलिकांची उपासना) देवळातच असते ना, तर म्हणाल्या देवळात नंतर, आधी वावरात. वावर हा शब्द त्यांनी खास माझ्यासाठी वापरला, नगरची म्हणून, आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. इथे चर्चला देऊळच म्हणतात हे पण मला फार आवडलं, आमच्याकडे कोणी म्हटलं तर आमचे पाळक दहा मिनिटं समजावत बसतील.

शेत घरापासून पाच मिनिटांवर. आदल्या आठवड्यात पावसानं झोडपलेलं, त्यामुळे अर्धं भात आडवं. मी बाजरीच्या मुलखातली, मला भातातलं काही कळत नाही, पण आडवं पीक कुठल्याही मुलखात ओळखू येतं. मैत्रिणीचे काका, सत्तरीचे असतील, अनवाणी बांधावर उभे होते. एक लोंबी तोडली, एक दाणा काढून दातानं सोलला, चावला, थुंकला. "अजून ओला आहे. पण सणाला चालेल." मलाही एक दिला. कच्च्या तांदळाची चव म्हणजे आधी काहीच नाही आणि मग हळूच गोड, दुधासारखी.

मग फादर आले, पांढऱ्या झग्याच्या खाली गमबूट घालून. पवित्र पाणी शेतावर शिंपडलं, छोटी प्रार्थना झाली, आणि पहिल्या काही पेंढ्या विळ्यानं कापल्या. त्या फुलांनी सजवलेल्या पालखीत ठेवल्या, पोरांनी पालखी उचलली आणि बँड सुरू. ट्रम्पेट, ढोल, पुढे लुगड्यातल्या बायका, मागे आम्ही, वाटेत माणसं घरातनं निघून सामील होतायत, एक कुत्रा तर अगदी पालखीच्या खालून चालत होता देवळापर्यंत.

गोराईचं देऊळ होली मॅगाय, म्हणजे येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं. आत पेंढ्या वेदीसमोर ठेवल्या. वाचन लेवीय 23 मधलं होतं, पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणायची आणि त्यानं ती देवासमोर ओवाळायची. आता हा अध्याय मी लहानपणापासून कितीतरी वेळा वाचलाय आणि ओवाळणे हा शब्द मराठी बायबलात आहे हेही माहीत होतं, पण ओवाळणं म्हणजे आमच्यासाठी पुस्तकातला शब्द, दिवाळीला शेजारच्या काकू करतात ते वेगळं. इथे फादरनी खरंच पेंढी दोन्ही हातांत धरून वेदीसमोर हलवली आणि दाणे खाली फरशीवर पडले, टपटप आवाज आला, पुढच्या बाकावरची एक आजी वाकून ते वेचायला लागली. तिला कोणी थांबवलं नाही.

विश्वासूंच्या प्रार्थना लोकांनी केल्या, लिहून आणलेल्या कागदांवरून. एक बाई समुद्रासाठी बोलली, जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त येतं म्हणून. एक तरुण पाऊस वेळेवर पडू दे म्हणाला आणि वेळेवर थांबू दे असंही म्हणाला, तेव्हा मागे कोणीतरी हसलं. प्रत्येकानंतर सगळे एकसुरात, हे प्रभो आमची प्रार्थना ऐक. उपदेशात पोपचं नाव आलं, त्यांचं सृष्टीच्या काळजीवरचं 2015 चं पत्र लौदातो सी पण आलं, पण एका वाक्यात. बाकी सगळा वेळ फादर बांध फोडून भराव टाकणाऱ्यांवर बोलत होते. उत्पत्तीत देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला, म्हणाले, आणि आपण राखण विसरलो, मशागत तर विकून टाकली. देवळात शांतता. मला वाटतं जमीन विकलेले दोनचार जण तरी त्या बाकांवर असणार.

शेवटी प्रत्येकाला एक एक लोंबी दिली. ती घरात क्रूसापाशी किंवा तांदळाच्या डब्यात ठेवायची, पुढच्या आगेऱ्यापर्यंत.

जेवायला मैत्रिणीकडेच. फुगे म्हणजे तळलेले गोल पाव, सोरपोतेल म्हणजे डुकराच्या मटणाचा रस्सा, ईस्ट इंडियनांच्या बाटली मसाल्यातली कोंबडी, आणि स्टीलची ताटं. ताटं बघून मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. मावशी म्हणत होत्या की त्यांच्या बहिणीचं लग्न झालं त्या उपनगरातल्या गावठाणात आता शेतच नाही, तिथला आगेरा पण मोठा होतो, बँड यांच्यापेक्षा भारी, पण पेंढ्या बाहेरून आणतात. "मागच्या वर्षी आमच्याकडनंच नेल्या, टेम्पोनं." काका म्हणाले, आणखी दहा वर्षांनी आपण कुठनं आणायच्या? मावशींनी त्यांना आणखी एक फुगा वाढला. मी पण गप्पच, कारण आमच्या चाळीस रोपांचं मी काय सांगणार होते.

काका स्वतः शेत विकणार का हे विचारायचं माझ्या तोंडावर होतं. नाही विचारलं. मुलं दोन्ही गल्फला आहेत एवढं त्यांनी आपणहून सांगितलं.

परत येताना गोराईच्या बाजूनं आले, बोरिवलीला उतरायला. समोर विपश्यनेच्या पॅगोडाचा सोनेरी कळस, संध्याकाळचं ऊन, आणि पलीकडच्या काठाला ते जुनं डंपिंग ग्राउंड, आता बंद करून मातीनं झाकलेलं, वर गवत. मुंबईनं वर्षानुवर्षं आपला कचरा तिथे ओतला. न सांगता कोणाला ती टेकडीच वाटेल.

बोटीत चेंगराचेंगरी, बीचवरून परतणारी सगळी गर्दी. कोणाच्या तरी बाइकचं हँडल माझ्या पर्समध्ये अडकलं, चेन उघडली आणि लोंबी बाहेर येऊन पायांत पडली. मी वाकेपर्यंत दोरी धरून उभ्या असलेल्या बोटीवरच्या पोरानं उचलली. पाचसहा दाणे गळले होते, त्यातला एक त्यानं दातानं सोलला, चावला आणि लोंबी मला परत देत म्हणाला, "ओला आहे अजून."