केर्ध दान्त: रियाजाची नोंद, आणि स्पर्धेबद्दल थोडं

चार ओळींचं कडवं आता हार्पबरोबर अचूक संपायला लागलंय. नव्या मंडळींसाठी सांगतो: वेल्सच्या केर्ध दान्त या गायकीत हार्पची चाल आधी सुरू होते, गाणारा काही मात्रा थांबून आत शिरतो, त्या चालीला पूरक अशी वेगळीच चाल गातो, आणि संपताना दोघं एकत्र संपतात. समेवर यायची सवय असलेल्या आपल्या कानाला शेवट जमतो. घोळ शिरताना होतो. शब्दाचा आघात जोराच्या मात्रेवरच पडायला हवा, आणि वेल्शमध्ये तो बहुतेक शब्दांच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. त्यामुळे मी पहिला आघात कुठे पडणार ते आधी धरतो आणि तिथून उलटं मोजत जागा शोधतो. करून बघा, फरक पडतो.

हे कडवं गावच्या आइस्तेध्वोदसाठी, म्हणजे गाण्या-कवितांच्या वेल्श स्पर्धा-मेळ्यासाठी, बसवतोय. कागदावर सगळं पक्कं: श्वास कुठे, आवाज कुठे उतरवायचा, सगळं. आमच्या बाई परीक्षकांच्या नजरेनेच ऐकतात. उच्चार त्यामुळे सुधारले, हे नाकारत नाही. पण दारूच्या गुत्त्यात किंवा शेकोटीभोवती हे गाणं चालायचं तेव्हा हार्पवाला चाल धरायचा आणि गाणारे पाठ असलेली कडवी त्यात जागच्या जागी बसवायचे. जुळलं नाही की बाहेर. म्हणजे चुरस तेव्हाही होतीच, फक्त ती हजरजबाबीपणाची होती. आज गुण मिळतात ते नेटकेपणाला. त्यातून केर्ध दान्तचे समूह, चक्क कोरस आले; तीसचाळीस जण एकदम उत्स्फूर्त गाणार कसे? बांधणी आधी लिहावीच लागते.

तरी स्पर्धांना सरसकट शिव्या देणाऱ्यांशी माझं जमत नाही. अठराव्या शतकात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लाटेने नाच आणि फिडल (व्हायोलिन) पापात जमा केले होते. तारांच्या तीन रांगांची हार्पही मागे पडत होती, तेव्हा वेल्श परंपरांच्या आश्रयदात्या लेडी लानोव्हर यांच्या पाठबळाने अ‍ॅबर्गव्हेनीच्या आइस्तेध्वोदमध्ये (1834 ते 1853) बक्षीस म्हणून चक्क हार्पच दिली जायची. पेला कपाटात जातो, हार्प वाजवावी लागते! हार्पवादक नॅन्सी रिचर्ड्स (1888–1979) यांनी राष्ट्रीय आइस्तेध्वोदमधली तीन रांगांच्या हार्पची स्पर्धा लागोपाठ जिंकली, पण पुढच्या पिढीला त्यांच्याकडून मिळालं ते कानाने, समोर बसून. केर्ध दान्तची संस्था 1934 ची, तिचा स्वतंत्र महोत्सव 1947 पासून. हे नसतं तर मला कार्डिफमध्ये शिकवणारं कोणी भेटलं असतं का, शंकाच आहे.

स्पर्धेचं कडवं आहे तसंच ठेवतोय. दुसरं एक मात्र कागदाशिवाय. हार्प वाजवणाऱ्या मैत्रिणीशी ठरलंय: पुढच्या बैठकीला चाल ती निवडणार, आणि मला आधी सांगणार नाही.