फ्रीझरमधला केक
आजची दुपार घरी केलेले गोड पदार्थ फ्रीझरमध्ये ठेवण्यात गेली आणि हे काम किती निगुतीने करावे लागते, याचा पुन्हा प्रत्यय आला. केक पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळता येत नाही, कारण आतली वाफ आवरणात अडकून तिचे बर्फाचे कण होतात आणि वितळताना वरचा थर चिकट होतो. म्हणून केकचे थर आधी फ्रीझरमध्ये ताटात उघडेच कडक होऊ दिले, मग आत हवा राहणार नाही अशा बेताने प्लास्टिकच्या पातळ आवरणात दोनदा गुंडाळून वर फॉइल लावली. लोण्याचे पदार्थ शेजारचा वास पटकन ओढून घेतात, त्यामुळे फॉइलचा आळस मला परवडत नाही.

साधा केक फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवण्यापेक्षा उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवणेच मला योग्य वाटते, कारण फ्रिजच्या तापमानाला त्यातला स्टार्च लवकर घट्ट होऊन केक कोरडा लागतो. कॉर्नफ्लोअरचे कस्टर्ड मात्र मी मुळीच गोठवत नाही. वितळताना ते पाणी सोडते आणि कितीही घोटले तरी मूळचा मऊपणा परत येत नाही.

संध्याकाळी पूर्वीचा एक थर आवरणासकटच वितळू दिला. दवाचे थेंब फॉइलवर बाहेरच साचले आणि आतला केक ओला न होता लुसलुशीत राहिला, याचा फार आनंद झाला. नव्या पुडक्यांवर तारखा लिहिल्या आहेत. दोन-तीन महिन्यांनंतर चव उतरते, म्हणून त्याआधीच ती संपवायची आहेत.