अंदमानी फटाकडी: चौथ्या पहाटेपर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत अंदमानी फटाकडी या दलदलीतल्या लाजऱ्या पक्ष्याच्या रकान्यात ‘केवळ आवाज’ एवढेच लिहून मी थांबले होते. आज पहाटे ५.५२ला तो रकाना भरला. मात्र कालची पहाट इतकी चीड आणणारी होती की आधी तिच्याविषयीच लिहायला हवे.

दक्षिण अंदमानातील चिडिया टापूच्या वाटेवर जंगलाच्या कडेला दलदलीचा जो तुकडा लागतो, तेथे काल आम्ही सलग तिसऱ्या पहाटे उभे होतो. पहिला दिवस वेळेच्या हिशेबात वाया गेला होता; घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी येथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो, हे ठाऊक असूनही आम्ही घरच्या सवयीने साडेसहाला पोहोचलो आणि ऊन अंगावर घेत परतलो. दुसऱ्या दिवशी वेतांच्या जाळीतून बेडकासारखा खर्जातला आवाज आला, पण पक्षी बाहेर आला नाही. आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बाहेर काढायचे नाही, हे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते, आणि खाडीलगतच्या भागात खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असल्यामुळे चिखलात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे उभे राहणे एवढेच हाती होते.

काल ती बाहेर आली. तांबूस-तपकिरी अंग, पोटावर काळे-पांढरे पट्टे आणि कच्च्या सफरचंदासारखी हिरवी चोच हे वर्णन मला पाठ आहे. परंतु मी दुर्बीण डोळ्यांना लावली तेव्हा समोर दुधी पडद्याखेरीज काहीही नव्हते. रात्रभर वातानुकूलित खोलीत थंड झालेल्या भिंगांवर बाहेरच्या दमट हवेतील बाष्प क्षणात जमले होते. कॅमेऱ्याचीही तीच अवस्था. पुसले की पुन्हा धुके, कारण काच गरम होईपर्यंत बाष्प जमतच राहते. शेजारून नवरा कुजबुजत होता, “अगं, समोर आहे ती, तू काच काय पुसत बसलीस?” त्याला ती उघड्या डोळ्यांनी छान दिसली, मला एक तांबूस हालचाल तेवढी दिसली. त्याच्या मते पाहिली म्हणजे पाहिली. माझ्या नियमानुसार चोचीचा रंग दिसल्याशिवाय लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी, धरता येत नाही, आणि या मुद्द्यावर आमचा वाद न्याहारीपर्यंत चालला.

ही दुर्बीण ‘फॉगप्रूफ’ म्हणूनच मला विकण्यात आली होती. नळीत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतल्या बाजूने धुके धरत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. बाहेरच्या काचेला त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. खोलीत ठेवावी तर धुके आणि बाहेर उघडी ठेवावी तर दमटपणामुळे बुरशीची भीती, असा पेच होता. शेवटी दोन्ही दुर्बिणी आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशव्यांत घालून रात्री व्हरांड्यातील कपाटात ठेवले. काच बाहेरच्याच तापमानाची राहिली आणि आज एक थेंबही जमला नाही.

आज मी माझी १०×४२ (दहापट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण नवऱ्याला देऊन त्याची आठपटीची ८×४२ घेतली. तिच्यातून डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशझोत ५.२५ मिलिमीटरचा असतो, माझ्या दुर्बिणीत तो ४.२, झाडीखालच्या अंधुक उजेडात हा फरक चांगलाच जाणवतो. फटाकडी वाटेच्या कडेला आली, पालापाचोळा चाळत राहिली आणि हिरवी चोच स्वच्छ दिसली. छायाचित्र केवळ नोंदीपुरते आहे, हलले आहे, पण आहे.

बाकीच्या पक्ष्यांच्या नोंदी थोडक्यात देते. अंदमानी सुतार लाल तुरा मिरवत वाळक्या खोडावर ठोकत होता, आणि अंदमानी टकाचोर अपेक्षेप्रमाणे अंदमानी कोतवालांच्या मिश्र थव्यात सापडला. २००४च्या त्सुनामीनंतर पाण्याखाली गेलेल्या सिप्पीघाटच्या शेतांवर अंदमानी बदकेही दिसली, तीही रस्त्यावरूनच आणि अगदी सावकाश.

नऊनंतर पक्षी नाहीत, हा सहलीचा करार आम्ही पाळत आहोत. दुपारी फाळणीनंतर येथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांपैकी एकाच्या खाणावळीत मोहरीच्या वाटणातील मासा आणि भात असतो. कोकम-तिरफळावर वाढलेल्या माझ्या जिभेला पहिल्या दिवशी ती मोहरी नाकात गेल्यासारखी वाटली. आज मी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. त्यानंतर शहाळे आणि झोप.

उद्या शहीद द्वीपला आणि तेथून स्वराज द्वीपला जायचे ठरले होते. पण हे लिहिता लिहिता लक्षात आले की ज्या सूर्याने पहिली पहाट बुडवली, तोच साडेपाचच्या आसपास मावळतो. म्हणजे घुबडे ऐकून जेवायच्या वेळेपर्यंत खोलीवर परतता येईल आणि कोणाचीही झोप मोडणार नाही. स्वराज द्वीप वगळून येथेच दोन रात्री वाढवाव्यात, असे मी आत्ताच सुचवले. नवऱ्याने एकच अट घातली आहे: मासा रोज हवा.