नवव्या मात्रेवरचा फुटाणा

चौथी ब मध्ये 42 पोरं आहेत. संगीताच्या तासाला त्यांचे 84 हात होतात आणि एकही गप्प बसत नाही. मी तबल्याचा माणूस. संध्याकाळी भजनाला साथ करतो आणि आठवड्यातून दोन दिवस कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत संगीताचे तास घेतो. तासाप्रमाणं मानधन. ते कधी जमा होतं हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही.

टाळी वाजवायला इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. जोतिबाची यात्रा, गणपती, कुस्तीचं मैदान, सगळीकडं हलगी कानावर पडतच ते वाढलेलं असतं. आषाढात त्र्यंबोली देवीला नदीचं पाणी घेऊन जातात तेव्हा जे वाजतं, त्याला अख्खं गाव ‘पी ढबाक’ म्हणतं. वाद्याचं नाव कुणी विचारत नाही, बोल तेवढा पाठ. अशा पोरांना ताल म्हणजे काय हे फळ्यावर लिहून द्यायला लागलो, यात पहिली चूक माझीच.

त्यांचं अडतं ते तालातल्या ‘खाली’वर. तीनतालात 16 मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्याला खाली, म्हणजे वाजवायचं नाही, तळवा उताणा करून हात बाजूला न्यायचा. तबल्यावरसुद्धा त्या विभागात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताखालच्या तबल्याचा, घुमारा निघून जातो, ‘धिं’चं ‘तिं’ होतं. गाणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की आपण निम्म्यावर आलोय, सम, म्हणजे पुढची पहिली मात्रा, अजून आठ मात्रा लांब आहे.

हे मला कळतं. चौथी बला काय त्याचं? नववी मात्रा आली की निम्मी पोरं दणकून टाळी देणार. उरलेली हात कसाबसा आवरणार आणि दहाव्याला देणार. तेराव्यापर्यंत वर्गात तीन पार्ट्या. एकानं विचारलं, “ओ सर, वाजवायचंच न्हाई तर मोजायचं कशाला?” प्रश्न बरोबर होता. मला उत्तर सुचेना, म्हणून मी त्याला खाली बसवलं. (यातली कोटी मला घरी गेल्यावर कळली.)

मग पावसाळा आला. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की आमचा वर्ग पातळ होतो, गावाकडनं येणारी पोरं घरीच राहतात. अशाच एका दिवशी 17 जण होती. मी सहज म्हणालो, “अंबाबाईच्या देवळात प्रसाद घ्यायला हात कसा करता? तस्सा करा. टाळीला टाळी, खालीला प्रसाद.” हात बरे वळले. पण प्रसाद म्हटल्यावर पोरांच्या डोक्यात काय काय येतं, याचा विचार मी केला नव्हता.

पुढच्या तासाला मी तोंडानं ठेका म्हणत बाकांमधून फिरत होतो. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एका मुलीनं कंपासपेटी उघडी ठेवली होती. पेटीत फुटाणे. नववी मात्रा आली की ही शेजारणीच्या उताण्या तळव्यावर एक फुटाणा ठेवायची. शेजारीण दहाव्याला मूठ मिटायची, अकराव्याला फुटाणा तोंडात टाकायची, बाराव्याला चावायची आणि तेराव्याला दोघींची टाळी एकदम. मी पाच आवर्तनं, म्हणजे 16 मात्रांच्या पाच फेऱ्या, नुसता बघत उभा राहिलो. एकदाही चुकल्या नाहीत. नवव्याला टाळी वाजवली तर फुटाणा खाली पडणार, मग वाजवेल कोण? त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर कंपासपेटीत होतं.

त्या दिवसापासून वर्गात फुटाणे अधिकृत झाले. एक देणारा, एक घेणारा, दर आवर्तनाला अदलाबदल. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या ते राहूनच गेलं, आमचे गुरुजी असते तर कान पिरगाळला असता. मोठ्या बाई एकदा दारात येऊन थांबल्या, जमिनीकडं बघितलं आणि मुंग्यांबद्दल एवढंच बोलल्या. आता तासाच्या शेवटी झाडू मीच मारतो. महिन्याला अर्धा किलो लागतात, खारे नकोत, हात चिकट होतात.

तालाचं असं झालं. सुराच्या बाबतीत मात्र मी बरीच वर्षं वाईट वागलोय.

शाळेत गाण्याबद्दल एकच हुकूम असतो, “जोरात म्हणा!” जोरात म्हटलं की पोरं ओरडतात, ओरडली की पट्टी वर चढत जाते आणि कडव्याच्या शेवटी गळ्याच्या शिरा दिसतात. राष्ट्रगीताला 52 सेकंद लागायला हवीत, आमच्या पटांगणावर ते मिनिटाच्या पुढं जातं, कारण मागच्या रांगा पुढच्यांचं ऐकून मग म्हणतात. मी पोरांना अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट सांगतो. शाहू महाराजांच्या दरबारात गाणारा एवढा मोठा गवई, पण तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज बसला होता. पोरं विचारतात, मग काय केलं? बसलेल्या गळ्याला झेपेल अशी वेगळी गायकी घडवली, म्हणतो. हे त्यांना आवडतं, पण पुढच्या मिनिटाला परत ओरडतात.

तर माझा गुन्हा. माझा सा काळी एकचा, म्हणजे बाजाच्या पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, तोही पुरुषाच्या आवाजातला. मी जे म्हणतो ते पोरांनी एक सप्तक वर म्हणायचं असतं. बहुतेकांना ते न सांगता जमतं. काहींना जमत नाही. ती माझ्याच खर्जाशी जुळवायला जातात, गळा तिथं पोचत नाही आणि घशात नुसती घरघर होते. अशा पोरांना मी बेसूर म्हणायचो. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात असल्याच एका मुलाला मी सांगितलं, “तू नुसते ओठ हलव.” त्यानं हलवले. फोटोत तो सगळ्यात मोठं तोंड उघडून उभा आहे.

यंदा दिवाळीनंतर मधल्या सुट्टीत तो जिन्यावरून खाली मित्राला हाक मारत होता. लांब, ओढलेली, स्वच्छ हाक. मी वर्गात पेटीवर होतो. बोटं सवयीनं ती हाक शोधायला गेली, तर काळी चार. कणभरही इकडं तिकडं नाही. त्याला आत बोलावलं आणि म्हटलं, परत मार हाक. लाजला, पण मारली. पेटीवर तोच सूर धरून म्हटलं, आता हाक नको, नुसता ‘आ’. आला की! पहिल्यांदा पेटी आणि तो एकाच जागी उभे राहिले. त्याला ते कळलं, कारण एकदम थांबून त्यानं पेटीकडं बघितलं.

आता मी त्याच्याबरोबर गात नाही, माझा आवाजच त्याला चकवतो. वर्गातली एक मुलगी सूर देते, मी पेटी धरतो. दर तासाला दोन मिनिटं, हाकेच्या सुरापासून एकेक पट्टी खाली. घाई केली की परत घरघर. वर्गाच्या काळी एकपर्यंत पोचायला वेळ लागेल. या आठवड्यात आम्ही काळी तीनवर आहोत.